कर्ट लेविन, विविधता आणि संघटना विकास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमए मानसशास्त्र आणि एमबीएचे विद्यार्थी, एचआर खात्यात काम करणारे लोक आणि सामाजिक संस्थांचे कार्यकर्ते यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी ओळखीचे प्रश्न आहेत, अडचणीचे पुढे येतात. एकाच मुद्द्याला दोन प्रश्न भिडत असतील तर उत्तर एकदाच दिलं आहे आणि दुसरीकडे क्रमांक टाकला आहे.

१. कर्ट लेविन नेमके कोण? मानसशास्त्राचे प्राध्यापक की मॅनेजमेंटचे गुरू?

प्राध्यापकच. जन्म ९ सप्टेंबर १८९०, मोगिल्नो या गावी. तेव्हा ते प्रशियात होतं, आज पोलंडमध्ये आहे. कुटुंब ज्यू, घरचं छोटं दुकान. पहिल्या महायुद्धात ते जर्मन सैन्यात होते, जखमी झाले, पुढे बर्लिन विद्यापीठात शिकवू लागले. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि त्याच वर्षी लेविन अमेरिकेला गेले. आधी कॉर्नेल, मग आयोवा, शेवटी एमआयटी. तिथे त्यांनी गटगतिकीचं, म्हणजे गटातली माणसं एकमेकांवर कसा परिणाम करतात याच्या अभ्यासाचं, संशोधन केंद्र काढलं. आई मात्र युरोपातच अडकली. तिला बाहेर काढायची त्यांची खटपट फळाला आली नाही आणि ती नाझींच्या मृत्युछावणीत मारली गेली. लेविन स्वतः १२ फेब्रुवारी १९४७ रोजी हृदयविकाराने गेले, वय अवघं ५६.

मॅनेजमेंटच्या पुस्तकांत त्यांचं नाव येतं ते बहुतेक वेळा एका आकृतीपुरतं (प्रश्न ७ पाहा). पूर्वग्रहाचा प्रश्न ज्याच्या घरातून गेला होता अशा माणसाचं हे काम आहे, ही गोष्ट त्या आकृतीत दिसत नाही.

२. विविधता आणि ओडी (संघटना विकास, म्हणजे संस्थेत ठरवून बदल घडवणं) हे आमच्याकडे दोन वेगळे पेपर आहेत. दोन्हींत लेविन कसे?

कारण त्यांच्या टेबलावर ते दोन विषय नव्हतेच. १९४५ च्या सुमारास ते एकाच वेळी दोन आघाड्या सांभाळत होते. एमआयटीतलं केंद्र एकीकडे, आणि न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन ज्यूइश काँग्रेसने काढलेला वेगवेगळ्या समाजांमधल्या संबंधांचा आयोग दुसरीकडे. कारखान्यात प्रश्न असायचा की ताशी इतकेच नग काढायचे ही गटाची ठरून गेलेली रीत कशी हलवायची. शहरात प्रश्न असायचा की कृष्णवर्णीय माणसाला काउंटरवर उभं करायचं नाही ही दुकानदारांची रीत कशी हलवायची. लेविन यांच्या लेखी दोन्ही सवयी व्यक्तीच्या डोक्यापेक्षा गटात जास्त घट्ट बसलेल्या असतात.

पुढे वाटण्या झाल्या. ओडी कंपन्यांच्या ट्रेनिंग हॉलमध्ये गेलं, विविधता कायदा आणि कम्प्लायन्सच्या फायलीत गेली. माझ्या मते यात दोघांचं नुकसान झालं. ओडीवाले गटात सगळ्यात खाली कोण आहे हे विचारायचं विसरले आणि विविधतावाल्यांच्या हातात फक्त व्याख्यान उरलं.

३. हारवुड कारखान्याचं नाव सगळीकडे येतं. तिथे विविधतेचं काय काम झालं?

हारवुड म्हणजे पायजमे शिवणारी कंपनी. तिचा कारखाना व्हर्जिनिया राज्यातल्या मेरियन या गावात होता. कंपनीचे प्रमुख आल्फ्रेड मॅरो हे स्वतः मानसशास्त्राचे पीएचडी आणि लेविन यांचे स्नेही. १९३९ पासून लेविन आणि त्यांचे सहकारी तिथे येऊन-जाऊन काम करत होते.

पाठ्यपुस्तकं ज्या प्रयोगावर भर देतात तो पुढच्या प्रश्नात आहे. मला विचाराल तर त्याहून मोलाचं प्रकरण वयाचं आहे. युद्धामुळे कामगार मिळेनात, तरी तिशी ओलांडलेल्या बाईला कामावर घ्यायला व्यवस्थापन तयार नव्हतं. त्यांना काम लवकर जमत नाही, त्या जास्त दिवस टिकत नाहीत, त्यांच्या दांड्याच फार, अशी सगळ्यांची खात्री. मॅरो यांनी समजावून पाहिलं, बाहेरचे पुरावे दाखवून पाहिले. ढिम्म फरक पडला नाही.

मग त्यांनी वाद घालणं सोडलं. वयस्क बायकांमुळे कंपनीचं किती नुकसान होतंय हे व्यवस्थापनातल्या लोकांनीच मोजावं असं ठरलं, कारण आधीपासून कामावर असलेल्या अशा काही बायका होत्याच. काय मोजायचं, कसं मोजायचं, हेही त्यांनीच ठरवलं. आकडे हाती आले तेव्हा या बायका कुठेच कमी पडत नव्हत्या. आता हे आकडे नाकारायचे तर स्वतःचंच काम नाकारावं लागणार होतं.

यातली खरी गोम पुढे आहे. व्यवस्थापनाला पटलं म्हणून प्रश्न मिटला नाही. शिलाईच्या हॉलमधल्या सुपरवायझर बायकांनी मोजणी केलीच नव्हती, त्यामुळे त्यांचं मत होतं तिथेच राहिलं. त्यांच्याबरोबर वेगळ्या गटचर्चा घ्याव्या लागल्या. वरच्यांनी शोधलेलं सत्य खालच्यांना परिपत्रकाने पोचत नाही, हे हारवुडमध्ये १९४५ सालीच लिहून ठेवलं गेलं आहे.

४. ‘बदलाला विरोध’ हा प्रयोग नेमका काय होता? नोट्समध्ये फक्त निष्कर्ष असतो.

हा लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांचा, १९४८ मध्ये छापलेला. प्रयोग हारवुडचाच, विचारांची चौकट लेविन यांची.

पायजम्यांना इस्त्री करणाऱ्या कामगारांचं काम पाहा. तयार झालेले कपडे अर्ध्या डझनाच्या गठ्ठ्याने सपाट पुठ्ठ्यावर रचायची त्यांची पद्धत होती. नवीन पद्धतीत तेच अर्धा डझन कपडे पुठ्ठ्याच्या पेटीत रचायचे. बदल एवढाच. पण मजुरी नगावर होती, वेग गेला की पैसे गेले. एका गटाला नेहमीसारखं बोलावून बदल सांगितला, नवा दर सांगितला, शंका विचारा म्हटलं. त्या गटाचं उत्पादन खाली गेलं ते वर आलंच नाही, कुरबुरी सुरू झाल्या आणि पहिल्या चाळीस दिवसांत १७ टक्के लोक काम सोडून गेले.

दुसऱ्या गटाने आपले प्रतिनिधी निवडून दिले. बदलाची आखणी त्यांच्याबरोबर झाली. आणखी दोन गटांत सगळेच आखणीत सामील होते. हे दोन गट सर्वांत लवकर सावरले आणि शेवटी जुन्या पातळीच्या सुमारे १४ टक्के वर गेले. काम कुणीच सोडलं नाही.

टीकेला इथे हमखास जागा असते: पहिल्या गटात माणसंच तशी असतील तर? त्याचंही उत्तर दिलेलं आहे. अडीच महिन्यांनी त्या पहिल्या गटातल्या उरलेल्यांना पुन्हा एकत्र आणलं, दुसऱ्या एका कामावर बदली करताना या वेळी सहभागाची पद्धत वापरली. तेच लोक भराभर सावरले.

मात्र हा परिणाम सगळीकडे इतकाच ठळक मिळत नाही. नॉर्वेतल्या एका बुटांच्या कारखान्यात फ्रेंच आणि सहकाऱ्यांनी १९६० मध्ये असाच प्रयोग छापला, तिथे फरक बेताचाच निघाला. आपल्याला बोलायचा हक्क कुठवर आहे याच्या कामगारांच्या कल्पना देशागणिक वेगळ्या असतात.

५. टी-ग्रुप (आपल्याच वागण्याकडे बघून शिकणारा प्रशिक्षण गट) आणि फीडबॅकची सुरुवात वंशभेदाच्या कार्यशाळेत झाली हे खरं का?

खरं आहे. कनेक्टिकट राज्याचा आंतरवंशीय आयोग नोकरीतल्या भेदभावाविरुद्धच्या कामासाठी कार्यकर्ते घडवू पाहत होता. त्यासाठी १९४६ च्या उन्हाळ्यात न्यू ब्रिटन इथल्या अध्यापक महाविद्यालयात कार्यशाळा भरली. शिक्षक, समाजसेवक असे चाळीसेक लोक होते आणि त्यांत कृष्णवर्णीय आणि ज्यू मंडळींचं प्रमाण मोठं होतं. गट चालवायला केनेथ बेन, लेलंड ब्रॅडफर्ड आणि रोनाल्ड लिपिट, संशोधनाची बाजू लेविन यांच्याकडे.

दिवसभर गटचर्चा व्हायच्या. संध्याकाळी संशोधक एकत्र बसून दिवसभरात कोण काय बोललं, कोण गप्प झालं याची उजळणी करायचे. ही बैठक फक्त त्यांच्यापुरतीच होती. तिथेच मुक्कामाला असलेल्या काही सहभागींनी विचारलं, आम्ही बसलो तर चालेल का? लेविन यांनी हो म्हटलं. निरीक्षक एका बाईच्या वागण्याविषयी सांगू लागला, आणि ती बाई समोरच बसलेली. तसं काही घडलंच नाही, असं ती म्हणाली. खोलीत वाद झाला, दुसऱ्यांनी आपापलं सांगितलं. पुढच्या संध्याकाळी गर्दी वाढली आणि सगळेच येऊ लागले. दिवसाच्या ठरवलेल्या कार्यक्रमापेक्षा या संध्याकाळीच लोक जास्त शिकतायत हे सगळ्यांच्या लक्षात आलं.

त्यातून १९४७ च्या उन्हाळ्यात मेन राज्यातल्या बेथेल इथे नॅशनल ट्रेनिंग लॅबोरेटरीची पहिली शिबिरं झाली. लेविन यांना ती बघायला मिळाली नाहीत. आज अप्रेझलच्या मीटिंगमध्ये साहेब बंद दाराआड जो ‘फीडबॅक’ देतात, त्यात समोरच्याला ‘तसं घडलंच नाही’ म्हणायची सोय किती असते हे ज्याचं त्याने बघावं.

६. कृती संशोधन म्हणजे बीएडला करतो तो प्रकल्पच ना?

नातं आहे, पण बीएडच्या फायलीत त्याचा जीव बराच गेलेला असतो. लेविन यांचा या विषयावरचा प्रसिद्ध लेख १९४६ चा आणि त्याचा विषय अल्पसंख्याकांचे प्रश्न हा आहे, वर्गातली शिस्त नव्हे. आखणी, कृती, कृतीचं काय झालं याचा शोध, आणि त्यावरून पुन्हा आखणी असं ते फिरत राहतं. संशोधन, कृती आणि प्रशिक्षण यांतलं एक काढलं तर बाकीची दोन लंगडी होतात, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रश्न ३ मधली मोजणी हे त्याचंच उदाहरण आहे.

७. परीक्षेत ‘अनफ्रीज, चेंज, रिफ्रीज’ लिहिलं की पुरे का?

गुणांपुरतं पुरे. जुनी रीत सैल करायची, बदलायची, नवी रीत पुन्हा घट्ट करायची, या तीन पायऱ्यांचा उल्लेख लेविन यांच्या १९४७ च्या लेखात आहे, पण थोडक्यात. त्याला मॉडेलचं रूप, बाण आणि बर्फाचा तुकडा नंतरच्या लेखकांनी दिला. स्टीफन कमिंग्स आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये हा सगळा माग काढून दाखवला आहे. शक्य असेल तर उत्तरात बलक्षेत्राचा विचार लिहा: सध्याची स्थिती ही ढकलणाऱ्या आणि अडवणाऱ्या बलांचा समतोल असते, आणि जोर लावण्यापेक्षा अडथळा काढणं बहुधा सोयीचं पडतं, कारण जोर वाढवला की ताणही वाढतो.

वर्तन हे व्यक्ती आणि परिस्थिती या दोन्हींवर अवलंबून असतं, हे त्यांचं सूत्रही विचारलं जातं. ते याच विचाराचं बीज आहे.

८. आमच्याकडे जाणीवजागृतीचं सेशन म्हणजे स्लाइड्स. व्याख्यानाने खरंच काही होत नाही का?

फारच थोडं. दुसऱ्या महायुद्धात चांगलं मांस सैन्याकडे जात होतं, म्हणून गृहिणींनी जनावरांचं हृदय, गुर्दे वगैरे रांधावं अशी अमेरिकी सरकारची इच्छा होती. लोकांच्या नाकाला ते चालत नव्हतं. या खाद्यसवयींच्या समितीचं काम मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड पाहत होत्या आणि प्रयोग लेविन यांचे. रेडक्रॉसच्या काही महिला गटांना उत्तम व्याख्यान दिलं, पाककृती वाटल्या. काहींमध्ये चर्चा घडवली आणि शेवटी कोण करून बघणार म्हणून हात वर करायला सांगितले. नंतर विचारपूस केली तर व्याख्यानवाल्यांपैकी ३ टक्के बायकांनी नवीन पदार्थ केला होता, चर्चावाल्यांपैकी ३२ टक्के.

एक सावधगिरी. ‘चर्चा घडवा म्हणजे झालं’ असा याचा अर्थ लावू नका. १९५५ मध्ये ईडिथ बेनेट यांनी हे घटक वेगवेगळे करून तपासले तेव्हा नुसत्या चर्चेचा फारसा प्रभाव दिसला नाही. निर्णय घ्यावा लागणं आणि इतर बहुतेकांनीही तोच घेतलाय असं दिसणं, या दोन गोष्टींचं वजन होतं.

९. मग वर्षातून एकदा एक दिवसाची कार्यशाळा घेऊन काय उपयोग?

सही घ्यायला उपयोग. फ्रँक डॉबिन, अलेक्झांड्रा कालेव्ह आणि एरिन केली या समाजशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये अमेरिकेतल्या ७०८ खासगी आस्थापनांची तीन दशकांची माहिती तपासली. व्यवस्थापनात स्त्रिया आणि कृष्णवर्णीय यांचं प्रमाण वाढवण्यात प्रशिक्षणं सर्वांत कमी कामाची ठरली. कुणा एका माणसावर किंवा समितीवर नेमकी जबाबदारी टाकली तिथे फरक जास्त पडला.

न्यू ब्रिटनच्या कार्यशाळेत (प्रश्न ५) हाच धोका लेविन यांना दिसत होता. एकटा माणूस शिकून परत जातो आणि जुन्या गटात विरघळतो. म्हणून एका गावातून एकटेदुकटे आलेले आणि टोळीने आलेले, असे दोन्ही प्रकारचे लोक तिथे होते आणि परतल्यावर कोण किती टिकतं याकडे त्यांचं लक्ष होतं. तुम्हाला दोनच जागा मिळत असतील तर एकाच खात्यातली दोन माणसं पाठवा.

१०. लोकांची मनं बदलल्याशिवाय नियम बदलून काय होणार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि बहुधा काहीच न करण्यासाठी विचारलेला असतो. लेविन यांच्या न्यूयॉर्कमधल्या आयोगाचं (प्रश्न २) काम नेमकं याच्या उलट सांगतं. न्यूयॉर्कमधल्या एका मोठ्या दुकानात कृष्णवर्णीय विक्रेत्या नेमल्यावर गेरहार्ट सँगर आणि एमिली गिल्बर्ट यांनी गिऱ्हाइकांची पाहणी केली. कुणाकडून कोण माल घेतंय हे टिपलं, मग तीच गिऱ्हाइकं बाहेर पडल्यावर त्यांच्याशी बोलले. कृष्णवर्णीय विक्रेत्या नकोत म्हणणारे लोकही त्यांच्याकडूनच खरेदी करून निघाले होते. समोर ठरून गेलेली गोष्ट दिसली की लोक तिला धरून चालतात.

घरांबाबतही तेच. लेविन यांचे शिष्य मॉर्टन डॉइच आणि मेरी इव्हान्स कॉलिन्स यांनी १९५१ मध्ये दोन शहरांतल्या सरकारी वसाहती तुलनेला घेतल्या. न्यूयॉर्कमध्ये वंश न बघता घरं वाटलेली, नेवार्कमध्ये इमारती वेगळ्या. एकत्र राहणाऱ्या गोऱ्या गृहिणींची कृष्णवर्णीय शेजारणींशी ओळखदेख आणि स्नेह कितीतरी जास्त होता.

याच आयोगातले इसिडोर चाइन आणि स्टुअर्ट कुक यांनी मानसशास्त्रज्ञ केनेथ क्लार्क यांच्याबरोबर समाजशास्त्रज्ञांचं निवेदन लिहिलं. ते अमेरिकी सर्वोच्च न्यायालयात, १९५४ मध्ये निकाल लागलेल्या शाळांतल्या वंशभेदाच्या खटल्यात सादर झालं होतं.

११. नोकरभरतीत भेदभाव कुठे होतो हे लेविन यांच्या चौकटीत कसं शोधायचं?

दारं शोधा. अन्न ताटापर्यंत बाजार, साठवण, चूल अशा मार्गांनी येतं आणि प्रत्येक वळणावर आत काय घ्यायचं हे ठरवणारा कुणीतरी असतो, असं ते खाद्यसवयींच्या कामात म्हणाले होते. १९४७ मध्ये त्यांनी हाच विचार भेदभावाला लावला: दारावरचा माणूस ज्या दबावांखाली निर्णय घेतो ते दबाव बदलल्याशिवाय भेदभाव हटत नाही.

आपल्याकडचा ठोस पुरावा सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा, २००७ चा. इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ६६ आठवड्यांत ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, आडनाव मात्र उच्चवर्णीय हिंदू, दलित किंवा मुस्लिम. पुढच्या फेरीचं बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाला सुमारे दोन तृतीयांश होती आणि मुस्लिम नावाला एक तृतीयांश. मुलाखतीचं पॅनल कितीही संवेदनशील असलं तरी हे अर्ज त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. चाळणी आधीच्या टेबलावर होते, आणि प्रशिक्षणाला त्या टेबलावरच्या माणसाला सहसा कुणी बोलावत नाही.

१२. ‘सहभाग’ म्हणजे गोड बोलून काम काढून घेणंच ना?

युनियनमधले मित्र हे विचारतात आणि त्यांचा मुद्दा बिनतोड आहे. हारवुडमध्ये बदल कसा करायचा हे कामगारांना विचारलं, करायचा की नाही हे नव्हे. खर्च कमी करायची गरज व्यवस्थापनाने आधीच मांडली होती. लेविन यांचे समर्थक म्हणतील की माहिती खुली ठेवली आणि मजुरीचा दर ठरवण्यात कामगारांना घेतलं हेही थोडं नाही. मला दोन्ही पटतं. म्हणून सहभागाची बैठक लावण्याआधी काय ठरून गेलंय आणि काय खरोखर खुलं आहे हे बोर्डावर लिहा. दुसऱ्या यादीत चहाची वेळ सोडून काही नसेल तर बैठक लावूच नका.

१३. गटच पूर्वग्रहाने भरलेला असेल तर गटनिर्णय उलटा नाही का पडणार?

पडतो. कोच आणि फ्रेंच यांच्याच लेखात एका इस्त्रीवालीची नोंद आहे. नवीन कामावर ती वेग धरू लागली, गटाने ठरवलेल्या मर्यादेपुढे गेली, तशी बाकीच्यांनी तिला घेरलं आणि तिचं उत्पादन खाली आलं. पुढे काही कारणाने बाकीच्यांच्या बदल्या झाल्या आणि ती एकटी उरली. चार दिवसांत तिचं उत्पादन जवळजवळ दुपटीवर गेलं. गट जसा उभा करतो तसा दाबूनही टाकतो.

म्हणून काही गोष्टी मताला टाकायच्याच नसतात. दलित सहकाऱ्याने पाणी कुठे प्यायचं, गरोदर बाईला परत घ्यायचं की नाही, लैंगिक छळाच्या तक्रारीचं काय करायचं, यांवर कायदा आहे आणि तिथे गटचर्चेचं काम नाही. गटाला विचारायचं ते अंमलबजावणीबद्दल, आणि तेही सगळ्यात कमी संख्येचे लोक आधी बोलतील अशी व्यवस्था करून.

१४. अल्पसंख्याक गटातली माणसं स्वतःच आपल्या लोकांना नावं ठेवतात, याचं काय?

यावर लेविन यांनी १९४१ मध्ये ज्यूंबद्दल लिहिलं. माणसाला वरच्या गटात जायचं असतं, वाट अडवलेली असते, आणि राग अडवणाऱ्यावर निघण्याऐवजी आपल्याच लोकांवर निघतो. हा व्यक्तीचा मानसिक आजार नाही, ही त्याच्या गटाच्या जागेची परिस्थिती आहे, असं त्यांनी ठासून सांगितलं. ऑफिसात ‘मला कधीच भेदभाव जाणवला नाही’ असं एकीने म्हटलं म्हणून चौकशी बंद करू नये, यामागे हेच कारण आहे.

१५. हे सगळं अमेरिकेतलं. भारतात काही आलं का?

आलं, मुख्यतः उदय पारीक यांच्यामार्फत. ते मानसशास्त्राचे अभ्यासक, बेथेलच्या परंपरेशी जोडलेले. अहमदाबादच्या आयआयएममध्ये असताना त्यांनी आणि टी. व्ही. राव यांनी मुंबईच्या लार्सन अँड टुब्रोसाठी १९७० च्या दशकाच्या मध्यात मनुष्यबळ विकासाची रचना आखली. भारतातल्या एचआरडी खात्यांची सुरुवात तिथून मानतात. ‘इसाब्स’ (इंडियन सोसायटी फॉर अप्लाइड बिहेवियरल सायन्स) या संस्थेच्या प्रयोगशाळा-पद्धतीच्या, म्हणजे टी-ग्रुपच्या धर्तीच्या, शिबिरांनाही त्याच दशकात सुरुवात झाली. त्यात हरवलं ते मात्र न्यू ब्रिटन: पद्धत आली, पण जातीचा प्रश्न क्वचितच तिच्यासमोर ठेवला गेला.

१६. आमचं ऑफिस वीसेक माणसांचं. एचआर नाही, बजेट नाही. कुठून सुरू करू?

एक खात्रीने बोलली जाणारी समजूत निवडा. ‘लग्न झालेल्या मुली टिकत नाहीत’ किंवा ‘मराठी माध्यमाची पोरं क्लायंटसमोर अडखळतात’, अशी. ती सगळ्यात ठामपणे बोलणाऱ्या दोघांना बसवा आणि तुमच्याच रजिस्टरमधून गेल्या तीन वर्षांचं मोजायला सांगा. कोण कधी लागलं, कधी गेलं, का गेलं. रकाने त्यांनीच ठरवावेत, तुम्ही फक्त मूळ कागद उघडे करून द्या. आकडे आले की ते तुम्ही वाचून दाखवू नका, त्यांनाच सगळ्यांपुढे मांडू द्या. सुपरवायझर वेगळे असतील तर त्यांना मोजणीतच घ्या, नंतर कळवू नका (प्रश्न ३ चा शेवट पाहा). आणि समजूत खरी निघाली तर? तर त्या मुली का जातात हा रकाना आधी भरा. बहुतेक वेळा सुटायची वेळ, शेवटची बस किंवा एखादा विशिष्ट टीम लीडर तिथे दिसतो.